दुरुस्त करण्याआधी विचारा : ‘स्पियाकिंग सिंग्लिश’च्या निमित्ताने

डॉक्टरेट झाल्यावर पोस्टडॉक मिळेपर्यंतची दोन वर्षं मी सिंगापुरात इंग्रजी संपादक म्हणून नोकरी केली. चीन, जपान, कोरिया, व्हिएतनाम इथल्या संशोधकांचे शोधनिबंध यायचे. ते जर्नलकडे जाण्याआधी त्यांचं इंग्रजी नीट करून द्यायचं, एवढंच काम. गावी कुणी विचारलं, की आई सांगायची, “इंग्रजांचं इंग्रजी तपासते.” इंग्रजांचं नव्हे गं, असं मी दोनदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मराठी शाळेत पाचवीला गेल्यावर एबीसीडी शिकलेली पोरगी परदेशात इंग्रजी तपासून पगार घेते, याचं तिला कौतुक होतं. खरं सांगायचं तर मलाही होतं.

त्या कौतुकाला पहिला तडा गेला तो एका पडद्यामुळे. पाणी गाळायच्या पडद्यावरचा एक चिनी प्राध्यापकांचा निबंध माझ्याकडे आला होता. त्यात त्यांनी लिहिलं होतं, की सात फेऱ्यांनंतर पडदा ‘टायर्ड’ होतो. पडदा कसा दमेल? मी तो शब्द खोडला आणि तिथे ‘डिग्रेडेड’ घातला. शास्त्रीय, भारदस्त, कुणीही बोट ठेवणार नाही असा शब्द. दोन दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. मोडक्या इंग्रजीत त्यांनी जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा : पडदा खराब होत नाही. रात्रभर स्वच्छ पाण्यात ठेवला की सकाळी पुन्हा चालतो. खराब झालेला पडदा म्हणजे मेलेला पडदा, आणि आमचा मेलेला नाही.

मी निबंध पुन्हा उघडला. तो पडदा विश्रांतीनंतर पूर्ववत होतो हाच तर त्यांचा सगळा शोध होता. ‘टायर्ड’ या एका शब्दात तो बसला होता आणि मी तो सफाईदारपणे पुसून टाकला होता. मराठीत विचार केला असता तर कदाचित चुकले नसते. दमणं आणि बिघडणं यांतला फरक आपल्याकडे बैलाच्या मालकालाही ठाऊक असतो. शेवटी आम्ही दोघांनी मिळून ‘भरून येणारी घट’ अशा अर्थाचा शास्त्रीय शब्दप्रयोग तिथे बसवला. निबंध सुधारला, पण मी समासात आधी एक साधा प्रश्न लिहिला असता, “इथे तुम्हाला नेमकं काय म्हणायचं आहे?”, तर हे सगळं टळलं असतं.

हे सगळं पुन्हा आठवायचं कारण म्हणजे ग्वी ली सुई यांचं ‘स्पियाकिंग सिंग्लिश’ हे पुस्तक. २०१७ साली मार्शल कॅव्हेंडिशने ते काढलं. मी ते उशिरा वाचलं, संपादनाची नोकरी सोडल्यानंतर. आधी वाचलं असतं तर नोकरी वेगळ्या पद्धतीने केली असती, असं आता वाटतं. तुमच्यापैकी जे सिंगापुरात राहतात त्यांनी ते पुस्तकांच्या दुकानात पाहून ‘टुरिस्टांसाठीची गंमत’ समजून पुन्हा फळीवर ठेवलं असण्याची शक्यता आहे. म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण इथली भाषेची भानगड बाहेरच्यांना चटकन कळत नाही. सिंगापूरच्या राजभाषा चार : मलय, मँडरिन, तमिळ आणि इंग्रजी. १९८७ पासून सगळ्या सरकारी शाळांमध्ये इंग्रजी हे मुख्य माध्यम झालं. परिणाम आकड्यांत दिसतो. २०१० च्या जनगणनेत पाच वर्षांवरच्या रहिवाशांपैकी ३२.३ टक्के लोक घरी मुख्यतः इंग्रजी बोलत होते, २०२० मध्ये ते ४८.३ टक्के झाले. पण घरी, कोपीटियाममध्ये, बसमध्ये जे बोललं जातं ते पाठ्यपुस्तकातलं इंग्रजी नाही. हॉक्कियन, तिओच्यू, कँटोनीज, मलय आणि तमिळ यांच्या शेजारात वाढलेलं ते इंग्रजी म्हणजे सिंग्लिश.

सरकारला ती कधीच आवडली नाही. १९९९ साली पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी राष्ट्रीय दिनाच्या वार्षिक भाषणात चक्क एका विनोदी मालिकेतल्या पात्राचा समाचार घेतला. पिवळे गमबूट घालणारा, अस्सल सिंग्लिश बोलणारा ठेकेदार फुआ चू कांग. त्याने इंग्रजीच्या वर्गात जावं, असं पंतप्रधानांचं म्हणणं. त्याच सुमारास ली क्वान यू यांनी सिंग्लिशला अपंगत्वाच्या पंगतीत बसवलं होतं. पुढच्याच वर्षी, २००० साली, ‘स्पीक गुड इंग्लिश’ चळवळ सुरू झाली.

सिंग्लिशवर याआधीही पुस्तक निघालं होतं. २००२ चा ‘कॉक्सफर्ड सिंग्लिश डिक्शनरी’ हा कोश नावापासूनच खट्याळ. ग्वी यांचं पुस्तक एक पाऊल पुढे जातं. ते सिंग्लिशबद्दल आहेच, शिवाय सिंग्लिशमध्येच लिहिलेलं आहे, अथपासून इतिपर्यंत. लेखक कवी आहेत, इंग्रजी साहित्यात त्यांची पीएच.डी. आहे, विद्यापीठात शिकवून झालेलं आहे. म्हणजे ‘येत नाही म्हणून असं लिहिलं’ अशी शंका घ्यायला जागाच नाही. एकेक शब्द घ्यायचा, तो कुठून आला, कुणाला उद्देशून कसा वापरतात, कुठे वापरला तर हसं होतं, हे सगळं त्याच भाषेत सांगायचं. सिंग्लिश विनोदी असू शकते, पण ती विनोदासाठी जन्मलेली नाही, हे त्यांचं मुख्य म्हणणं.

संपादक म्हणून मला या पुस्तकाने काय दिलं, ते एका उदाहरणाने सांगते. उदाहरण माझं आहे, पण ते दिसण्याची नजर पुस्तकाची. इथे कुणाला काम सांगितलं तर उत्तर येतं ‘कॅन’. पण नुसतं ‘कॅन’ क्वचितच. ‘कॅन लाह’ म्हणजे जमेल की, त्यात काय एवढं. ‘कॅन लोर’ म्हणजे जमवावं लागेल, दुसरं काय करणार. ‘कॅन मे?’ म्हणजे जमेल? मला नाही वाटत. ‘कॅन होर?’ म्हणजे जमेल ना, नक्की? माझ्या जुन्या सवयीप्रमाणे मी या चारही उत्तरांचं ‘येस, इट इज पॉसिबल’ असं एकच शुद्ध वाक्य केलं असतं. चार माणसांच्या चार वेगवेगळ्या मनःस्थिती एका वाक्यात गाडल्या गेल्या असत्या, आणि वर मी म्हटलं असतं, की आता कसं स्पष्ट झालं!

आपल्याला हे पटायला जड जाऊ नये. ‘तो आला’ आणि ‘तो आला म्हणे’ यांत केवढं अंतर आहे! पहिल्या वाक्यात मी साक्षीदार आहे, दुसऱ्यात नाही. कुणी ‘म्हणे’ हा बोलीतला फालतू शब्द समजून काढून टाकला, तर त्याने माझ्या तोंडी खोटी साक्ष घातली. विज्ञानाच्या इंग्रजीत ‘दाखवतं’ आणि ‘सुचवतं’ यांच्यातलं भांडण असंच असतं. आम्ही त्यावर तास तास घालवायचो. तीच काळजी परक्या माणसाच्या ‘टायर्ड’बद्दल मात्र मी घेतली नव्हती, कारण तो शब्द मला चूक वाटला होता, निवड वाटली नव्हती.

सिंग्लिशला नियमच नाहीत, हा समजही एका जुन्या किश्शाने खोटा ठरतो. २००६ सालच्या भाषणात पंतप्रधान ली सिएन लूंग लोकांच्या जवळ जायला म्हणून ‘मी सियाम माय हम’ असं म्हणून गेले. म्हणजे मी सियाम द्या, पण शिंपल्या नकोत. अडचण एवढीच, की मी सियाम या पदार्थात शिंपल्या घालतच नाहीत. आपल्याकडे एखाद्या नेत्याने ‘पुरणपोळी द्या, कांदा नको’ म्हटल्यासारखं झालं. त्यांना ‘माय हियाम’, म्हणजे तिखट नको, असं म्हणायचं होतं, असा खुलासा नंतर आला, तोवर सारं बेट हसून झालं होतं. ज्या भाषेत चूक करता येते, त्या भाषेला नियम असतात. फक्त ते छापलेले नसतात, आणि ते कुणाकडून शिकायचे हे अधिकारावरून ठरत नाही.

आता ‘नेटिव्ह स्पीकर’बद्दल बोलायला हवं. माझ्या संपादनाच्या काळातच माझा स्वतःचा निबंध एका जर्नलकडून परत आला. एका परीक्षकाने लिहिलं होतं, की हा मजकूर नेटिव्ह स्पीकरकडून तपासून घ्यावा. दिवसभर इतरांचे निबंध तपासून मी याच दाखल्याच्या लायकीचे करून देत होते! परीक्षकाने एकही चूक दाखवली नव्हती. माझं आडनाव मात्र त्यांच्यासमोर होतं. मी दोन दिवस चिडले, मग एका सहकाऱ्याकडून निबंध वाचून घेतला, दोन स्वल्पविराम हलवले आणि परत पाठवला. स्वीकारला गेला.

हे रडगाणं माझ्या एकटीचं नाही. २०२३ साली ‘प्लॉस बायॉलॉजी’मध्ये तात्सुया आमानो आणि सहकाऱ्यांनी आठ देशांतल्या ९०८ पर्यावरणशास्त्रज्ञांची पाहणी प्रसिद्ध केली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निबंध भाषेच्या कारणावरून नाकारले जाण्याचं प्रमाण सुमारे अडीच पट, आणि इंग्रजी सुधारा असं सांगितलं जाण्याचं प्रमाण साडेबारा पट जास्त आढळलं. या साडेबारा पटींवरच माझा पगार चालत होता, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

पुस्तकाकडे परत येते, कारण त्याच्याशी माझं भांडणही आहे.

२०१६ च्या मे महिन्यात ग्वी यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये सिंग्लिशच्या बाजूने लेख लिहिला. दोन महिन्यांपूर्वीच ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने ‘शिओक’, ‘आंग मो’, उंच इमारतींतून खाली फेकलेल्या वस्तूंसाठीचा ‘किलर लिटर’ असे इथले शब्द आत घेतले होते. वातावरण उत्साहाचं होतं. लेखाला उत्तर आलं ते थेट पंतप्रधानांच्या प्रेस सेक्रेटरींकडून, त्याच वृत्तपत्रात. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : डॉक्टरेट असलेल्या माणसाला सिंग्लिशमधून प्रमाण इंग्रजीत सहज उडी मारता येते. बहुतेकांना ते इंग्रजी कष्टाने शिकावं लागतं, आणि त्याच्यावरच त्यांचं पोट आहे.

इथल्या माझ्या मित्रमंडळींना हे पत्र म्हणजे सरकारी उद्धटपणा वाटला. मला ते इतक्या सहज उडवून लावता येत नाही. मी स्वतः त्या ‘बहुतेकां’पैकी आहे. ‘अ’ आणि ‘द’ कुठे घालायचे, हे मला आईच्या मांडीवर कळलं नाही, वाळव्यागत एकेक पुस्तक पोखरून कळलं. ते नियम कुणी ‘तुझं आहे तेच छान’ म्हणून मला शिकवले नसते, तर मी आज इथे नसते. माझ्यासाठी ते व्याकरण शिडी होतं. शिडी चढून गेलेल्याने खालच्याला शिडीची थोरवी फुकटची आहे असं सांगू नये.

आणि इथेच पुस्तक कमी पडतं. ग्वी यांची सिंग्लिश दाट आहे, श्लेषांनी भरलेली, चार भाषांतले शब्द एका वाक्यात गुंफणारी. ती वाचताना मजा येते, पण आमच्या ब्लॉकखालच्या कोपीटियाममध्ये कोपी-ओ देणाऱ्या आंटी असं बोलत नाहीत. त्यांची सिंग्लिश तुटक, कामापुरती आणि थेट आहे. पुस्तकातली सिंग्लिश ही अनेक भाषा येणाऱ्या विद्वानाची मैफल आहे. ज्याला एकच भाषा येते, आणि तीही जगाच्या लेखी चूक, त्या माणसाचं काय करायचं, याचं उत्तर मला या पुस्तकात मिळालं नाही. प्रेस सेक्रेटरींच्या पत्रात तो माणूस होता, पण त्याच्यासाठी एकच सल्ला होता : बोलणं सुधार. दोन्ही बाजूंनी त्याला विचारलेलं दिसत नाही.

तरीही पारडं माझ्या लेखी पुस्तकाकडेच झुकतं. कारण प्रमाण भाषा शिकवायला बोलीला अपंगत्व म्हणायची गरज नसते. मी त्या चिनी प्राध्यापकांना शास्त्रीय शब्द दिला, तो द्यायलाच हवा होता, नाहीतर परीक्षकाने निबंध फेकला असता. पण तो शब्द त्यांच्या ‘टायर्ड’मधून निघाला. ‘टायर्ड’ आधी समजून घेतला म्हणून निघाला. शिडी लावायची तर आधी माणूस कुठे उभा आहे हे पाहावं लागतं. ग्वी यांचं पुस्तक आपल्याला तेवढं पाहायला लावतं.

हे काम आता झपाट्याने यंत्राकडे चाललं आहे. माझ्या प्रयोगशाळेतले बहुतेक जण संपादकाकडे न जाता चॅटबॉटला मजकूर देतात. मीही देते, खोटं कशाला बोलू? वाक्यं गुळगुळीत होऊन येतात, ‘अ’ आणि ‘द’ जागच्या जागी. गरिबाघरच्या संशोधकाचे पैसे वाचतात, ही मोठी गोष्ट आहे. पण ‘पडदा दमतो’ हे वाक्य मी मुद्दाम देऊन पाहिलं. त्याने क्षणात माझ्यासारखीच दुरुस्ती केली, आणि विचारलं काहीच नाही. चुकलेल्या माझ्यात आणि त्याच्यात त्या दिवशी काही फरक नव्हता. संपादकाच्या कामातलं जे जपायला हवं ते हेच, थांबून विचारणं.

आपल्याकडे याचं एक उत्तम उदाहरण आहे. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. मध्यमवर्गीय मराठीतल्या एवढ्या मोठ्या नाटककाराने आपल्याला या कवितांतले कित्येक शब्द कळत नाहीत हे कबूल केलं, आणि त्यांचे अर्थ कवीलाच विचारले. ते शब्द अश्लील, अशुद्ध किंवा दुर्बोध म्हणून बदलून घ्यावेत असं सुचवणारे त्या काळी थोडे नव्हते. तेंडुलकर मात्र विद्यार्थी झाले. मराठी लेखनाचे प्रमाण नियम त्याच दशकभरात घडत होते : साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली शासनाने मान्य केले, आणखी चारांची भर १९७२ मध्ये पडली. म्हणजे एकाच वर्षी नियमही पुरे झाले आणि नियमांच्या बाहेरची कविताही आली. मराठीला दोन्ही पचले.

आता तुमच्या-माझ्या घरात येऊ. इथल्या शाळेत मुलांना ‘मातृभाषा’ हा विषय घ्यावा लागतो. भारतीय मुलांना तमिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू घेता येते. यादीत मराठी नाही. त्यामुळे आपली बहुतेक मुलं मातृभाषा म्हणून हिंदी शिकतात, शाळेत इंग्रजी आणि मैदानात सिंग्लिश बोलतात, आणि मराठी उरते आई-आजीच्या वाट्याला, तीही टोकून टोकून. गेल्या गणपतीला एका घरी आरती झाल्यावर मी जेवणाच्या पंगतीत जागा शोधत होते. यजमानांची नऊ वर्षांची लेक हाक मारून म्हणाली, “मावशी, इकडे ये, मी तुझ्यासाठी खुर्ची चोप करून ठेवलीय.”

हॉकर सेंटरमध्ये टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरायची, त्याला इथे ‘चोप’ करणं म्हणतात. तिच्या आजी लगेच म्हणाल्या, “चोप काय गं? राखून ठेवली म्हण.” पोरगी गप्प झाली. त्यानंतर जेवण होईपर्यंत ती माझ्याशी इंग्रजीत बोलली.

आजींचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ‘राखून ठेवणं’ तिला यायलाच हवं. पण त्या वाक्यात मावशी होती, ‘तुझ्यासाठी’ होतं, ‘ठेवलीय’ होतं. क्रियापदाला ‘करून ठेवणं’ जोडायची मराठीची खास लकब त्या मुलीने एका सिंगापुरी शब्दावर अचूक चढवली होती, कुणी न शिकवता. एका शब्दापायी बाकीचं सगळं वाक्य आपण तिच्याकडून काढून घेतलं.

निघताना मी तिला विचारलं, “चोप करणं आणि राखून ठेवणं, एकच का गं?” ती थोडा विचार करून मराठीत म्हणाली, “नाही. राखून ठेवलं तर फोन करायचा असतो. चोप केलं तर फक्त टिश्यू.”

परवानगी घेऊन धरलेली जागा आणि नुसती खूण ठेवून धरलेली जागा. हा फरक मला विचारेपर्यंत सुचला नव्हता.